मॉड्यूल राहू दे, आधी चाक काढ

गेल्या पावसाळ्यापासून आमच्याकडे एक मेसेज फिरतोय. निपाणीचे पाहुणे पाठवतात, खानापूरचे पाठवतात, परवा तर बेळगावच्या उद्यमबागेतल्या शेजारच्या शेडमधल्या पोराने पाठवला. थोडक्यात मजकूर असा: गाडीतल्या एबीएसचा (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम, म्हणजे लॉक, होऊ न देणारी यंत्रणा) दिवा लागला म्हणजे तिचं मॉड्यूल (ती चालवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) गेलं. शोरूममध्ये पन्नास हजार सांगतात, ती लूट आहे. मॉड्यूल घरीच उघडा आणि आतलं सुटलेलं सोल्डर पन्नास रुपयांत परत मारा. नाही जमलं तर भंगारातून तसंच दिसणारं आणून बसवा. तेही नको असेल तर फ्यूज काढून टाका. साधे ब्रेक चालूच राहतात, आणि एबीएसने गाडी उलट उशिराच थांबते.

मी सीएनसी मशीनची ड्राइव्ह आणि कार्डं दुरुस्त करून पोट भरतो. आमच्या जेवायच्या टेबलावर कायम कुठलं तरी कार्ड उघडं पडलेलं असतं आणि त्यावरून घरात रोज बोलणी खातो. तेव्हा ‘घरी हात लावू नका’ असं मी म्हणणार नाही. हा मेसेज भलत्याच ठिकाणी हात लावायला सांगतो, म्हणून लिहितोय.

दिवा लागला म्हणजे मॉड्यूल गेलं, हे पहिलं. हा दिवा कधी लागतो ते आधी बघा. चावी फिरवली की तो दोन-तीन सेकंद लागतो आणि विजतो. तेवढ्यात मॉड्यूल आपली आणि आपल्या वायरींची तपासणी करून घेतं. दिवा तेव्हा नीट विजला आणि गाडी हलल्यावर परत लागला, तर संशय चाकांचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडून येणाऱ्या सिग्नलवर घ्यायचा. मुळीच विजला नाही, तर सप्लाय, अर्थिंग, तुटलेली सेन्सरची वायर किंवा खुद्द मॉड्यूल, यातलं काहीही असू शकतं. म्हणजे मॉड्यूलचं नाव यादीत आहे, पण शेवटी.

माझा मेव्हणा जांबोटीचा. दहा-बारा वर्षं जुनी हॅचबॅक, रोज लाल मातीच्या रस्त्याने ये-जा. गाडी थांबता थांबता, अगदी आठ-दहाच्या वेगाला, ब्रेकचं पेडल पायाखाली थरथरायचं आणि मधूनच दिवा लागायचा. “दाजी, मॉड्यूल गेलंय. मेसेजमध्ये अगदी अस्संच लिहिलंय की,” म्हणाला. मी म्हटलं, “मॉड्यूल राहू दे, आधी चाक काढ.”

थांबताना होणारी ही थरथर ओळखीची खूण आहे. एका चाकाचा सिग्नल मंद वेगाला तुटतो, मॉड्यूलला वाटतं की चाक लॉक झालं, आणि ते त्या चाकाच्या ब्रेकचं प्रेशर सोडायला लागतं. बिचारं आपलं काम चोख करत असतं, त्याला मिळणारी बातमीच खोटी असते. पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर बाहेर काढला तर टोकाला लोखंडी चुऱ्याची दाढी आली होती. तिथे चुंबक असतं, डिस्क आणि पॅड झिजून पडलेला चुरा त्याला चिकटतो. ती पुसली. तेवढ्यावर भागेल असं मला वाटलं होतं, भागलं नाही. मग ड्राइव्ह शाफ्टवरची दात्यांची रिंग, जिचे दाते हा सेन्सर मोजतो, ती रॉकेलच्या फडक्याने पुसत, शाफ्ट हाताने फिरवत टॉर्चच्या उजेडात एकेक दाता बघितला. एका जागी दोन दात्यांमधलं अंतर इतरांपेक्षा जास्त दिसलं. नखाने खरवडल्यावर केसाएवढी चीर. रिंगखालच्या शाफ्टला गंज चढला होता, गंज फुगला आणि त्याने रिंग फोडली. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा मॉड्यूलला ठेच लागत होती. गंज घासून नवी रिंग बसवली, थरथर गेली.

मीटर लावण्याबद्दल एक सावधगिरी. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये नुसतं कॉइल असतं. त्याचा रेझिस्टन्स साधारण एक ते दोन किलोओहमच्या आसपास मिळतो, चाक हाताने फिरवलं की एसी मिलिव्होल्ट दिसतात, आणि डाव्या-उजव्याची तुलना केली की काम होतं. नव्या गाड्यांतल्या सेन्सरमध्ये मात्र आयसी, म्हणजे चिप, असतो. मॉड्यूल त्याला सप्लाय देतं आणि तो ७ किंवा १४ मिलिअँपिअर करंट घेऊन उत्तर देतो. त्यावर ओहमचा मीटर लावून ‘सेन्सर मेला’ म्हणणं चूक आहे. अशा बऱ्याच गाड्यांत दात्यांची रिंगही नसते. बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकाच्या पट्ट्या असतात. बेअरिंग बदलून आणल्यावर दुसऱ्या दिवशी दिवा लागला, तर ते उलटं बसलंय का हे आधी विचारा. दोन्ही बाजू दिसायला सारख्याच, त्यामुळे चांगल्या मिस्त्रीचाही हात चुकतो. आणि घुशी-उंदरांना विसरू नका. उसाच्या फडाशेजारी गाडी लावणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

सप्लाय तपासायला नुसता मीटर पुरत नाही. गंजलेल्या अर्थिंगवरही मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट घेतच नाही. एबीएसच्या कपलरवर (वायरींच्या जोडावर) सप्लाय आणि अर्थ यांच्यामध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावून बघा. लालसर पेटला की वायरिंगमध्ये घोळ आहे. बॅटरी दमलेली असली तरी स्टार्ट करताना व्होल्टेज इतकं पडतं की मॉड्यूल तक्रार नोंदवून बसतं.

गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड स्कॅनरने वाचता येतात. ब्लूटूथवाला स्वस्त स्कॅनर बहुतेक वेळा इंजिनचेच कोड वाचतो, म्हणजे ‘पी’ने सुरू होणारे. एबीएसचे कोड ‘सी’ने सुरू होतात आणि ते वाचायला एबीएसशी बोलणारा स्कॅनर लागतो. गॅरेजवाल्याला थोडे पैसे देऊन तेवढं करून घ्या. सी००३५ आला तर तो पुढच्या डाव्या सेन्सरच्या सर्किटचा कोड आहे. सर्किट म्हणजे सेन्सर, वायर, कपलर, सगळं आलं. स्कॅनरवर चारही चाकांचा वेग दिसतो. कुणाला तरी शेजारी बसवून वीसच्या वेगाने गाडी चालवा. तीन चाकं वीस दाखवतात आणि चौथं शून्यावर पडतं, ते चाक काढायचं.

आता सोल्डरिंग. यात तथ्य आहे, नाही असं नाही. पंप मोटरला जाणारे जोड तापून-निवून सुटतात आणि काही जुन्या मॉडेलांत हा आजार प्रसिद्ध आहे. पण आतलं चित्र मेसेजवाल्याने बघितलेलं दिसत नाही. मी भंगारातलं एक मॉड्यूल हौसेने उघडलं. झाकणाला स्क्रू नाही, ते वितळवून चिकटवलेलं, म्हणून कापावं लागलं. आत सिलिकॉनचा पारदर्शक गोळा, आंब्याच्या डिंकासारखा. त्याखाली सिरॅमिकची पांढरी प्लेट, आणि प्लेटवरून टर्मिनलवर गेलेल्या ॲल्युमिनियमच्या बारीक तारा. त्या अल्ट्रासॉनिक मशीनने दाबून बसवलेल्या असतात. सुटते ती ही तार. ॲल्युमिनियमला आपलं साधं सोल्डर धरतच नाही. मी सोल्डरिंग गन लावली तर तार वाकली आणि शेजारच्या दोन तुटल्या. भंगाराचं होतं म्हणून हसलो. काही मॉड्यूलांत साधी हिरवी पीसीबी (सर्किटची पाटी) असते आणि तिथे सोल्डर मारता येतं हे खरं, पण झाकण कापल्याशिवाय तुमच्यात काय आहे ते कळत नाही. आणि कापलेलं झाकण परत पाणीबंद करायचं म्हणजे वेगळीच कसरत. कणकुंबीच्या पावसात ते किती दिवस टिकेल?

मॉड्यूल खरंच गेलं असेल, म्हणजे सप्लाय आणि अर्थिंग ठीक, बाकीची मॉड्यूलं स्कॅनरशी बोलतात आणि हे एकच गप्प, किंवा पंप मोटरला थेट बारा व्होल्ट दिले तर ती फिरते पण कोड मोटर सर्किटचाच येतो, तर घरी करण्यासारखं एक काम उरतं. बऱ्याच गाड्यांत इलेक्ट्रॉनिक भाग ब्रेकच्या ब्लॉकला चार-सहा स्क्रूंनी लावलेला असतो. बॅटरी काढून ठेवा, ब्रेकच्या पाइपांना अजिबात हात न लावता तेवढाच भाग सरळ बाहेर ओढा आणि हेच काम करणाऱ्या कारागिराकडे पाठवा. तो परत येईपर्यंत गाडी हलवू नका.

भंगारातल्या मॉड्यूलचं थोडक्यात. बाहेरून जुळं दिसलं तरी आतला प्रोग्राम गाडीच्या वजनाला, टायरला आणि ब्रेकला धरून असतो. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळायला हवा आणि कित्येकदा वर कोडिंगही लागतं. अख्खा ब्लॉक बदलला तर आत हवा अडकते. ती नेहमीसारखं पेडल मारून सगळी निघत नाही, स्कॅनरने पंप आणि व्हॉल्व्ह चालवून एअर काढावी लागते.

फ्यूज काढण्याच्या सल्ल्यावर मात्र माझं डोकं फिरतं. ‘साधे ब्रेक चालू राहतात’ हे अर्धं खरं आहे. पूर्वीच्या गाड्यांत मागच्या चाकांकडे जाणारं प्रेशर कमी करणारा एक व्हॉल्व्ह असायचा. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात, त्यांना कमी ब्रेक हवा असतो. एबीएस आल्यावर हे काम, ज्याला ईबीडी म्हणतात, मॉड्यूलकडे गेलं आणि बऱ्याच गाड्यांतून तो व्हॉल्व्हच काढून टाकला. आता फ्यूज काढलात तर एबीएस जातंच, ईबीडीही जातं. म्हणूनच कित्येक गाड्यांत पिवळ्या दिव्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागतो. चोर्ला घाटाच्या वळणावर, ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी तोंड फिरवते. ‘जुन्या ॲम्बेसेडरला कुठं होतं एबीएस?’ असं विचारणाऱ्यांना सांगा, तुमची गाडी ॲम्बेसेडर नाही. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत एबीएस सक्तीचं आहे, आणि त्या गाड्यांचे ब्रेक ते आहे असं धरूनच बनवलेले असतात.

उशिरा थांबण्याचं म्हणाल तर सुट्या खडीवर ते खरं आहे. लॉक झालेलं चाक खडीचा ढीग पुढे लोटत रुततं, एबीएस त्याला रुतू देत नाही. पण खडीवरही स्टेअरिंग तुमच्या हातात राहतं. चिखल सांडलेल्या डांबरावर, पुढे उसाची ट्रॉली आडवी आलेली असताना, मला तेच हवंय.

मेव्हण्याची गाडी आता ठीक आहे. चाक काढायच्या आधीच त्याने मेसेज वाचून आठ हजारांचं जुनं मॉड्यूल मागवून ठेवलं होतं, ते माडीवर खोक्यात पडून आहे. परवा विचारत होता, “दाजी, तुमच्या मशीनला कुठं लागंल का हो ते?”