हुकमाचा एक्का नवव्या इनिंगसाठी राखून ठेवू नका

४ ऑक्टोबर २०१६ ची रात्र मी अजून विसरलेले नाही. बेसबॉलमधल्या बाल्टिमोर ओरिओल्स आणि टोरोंटो ब्लू जेज या टीममध्ये वाइल्ड कार्डची मॅच होती, टोरोंटोत. एकच मॅच, हरेल त्याचं वर्ष तिथेच संपणार. आम्ही नाशिकहून मेरीलँडला येऊन तेव्हा सात वर्षं झाली होती आणि ओरिओल्स ही आमच्या घरची टीम झाली होती.

स्कोअर २-२. नेहमीच्या नऊ इनिंग संपून अकरावी इनिंग. आमच्याकडे झॅक ब्रिटन नावाचा डावखुरा क्लोजर, म्हणजे शेवटी येऊन मॅच संपवणारा पिचर (चेंडू टाकणारा), होता. त्या वर्षी ६७ इनिंगमध्ये त्याच्या नावावर फक्त चार अर्न्ड रन (फील्डरच्या चुकीशिवाय गेलेले) लागले होते, ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे असे रन, ०.५४. सेव्हच्या, म्हणजे आघाडी राखून मॅच संपवायच्या, ४७ संधी आल्या, ४७ च्या ४७ त्याने पार पाडल्या. त्याचा सिंकर बॅटरजवळ येता येता असा खाली बसायचा की बॅट लागली तरी चेंडू जमिनीवरूनच जायचा. होमरनची भीती असलेल्या घडीला याहून चांगला माणूस त्या वर्षी अख्ख्या बेसबॉलमध्ये नव्हता, असं माझं ठाम मत आहे.

आणि तो बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर अंग मोकळं करतात त्या जागेत, बसून होता. आठवी गेली, नववी गेली, दहावी गेली. गिव्हन्स, हार्ट, ब्रॅक, ओडे, ड्यूनसिंग, एकामागून एक सगळे येऊन गेले. अकराव्या इनिंगमध्ये एक आउट असताना (तीन झाले की इनिंग संपते) मॅनेजर बक शोवॉल्टर यांनी उबाल्डो हिमेनेझला बोलावलं, जो मुळात स्टार्टर, म्हणजे मॅचची सुरुवात करणारा पिचर. ट्रॅव्हिसची सिंगल, डोनाल्डसनची सिंगल. मग एडविन एन्कार्नासिओन आला आणि पहिलाच चेंडू त्याने डाव्या बाजूला प्रेक्षकांच्या वरच्या मजल्यावर भिरकावला. ५-२. वर्ष संपलं. ब्रिटनने एकही चेंडू टाकला नाही.

शोवॉल्टर हा अडाणी माणूस नव्हे. दोनच वर्षांपूर्वी ते अमेरिकन लीगचे मॅनेजर ऑफ द इयर ठरले होते. मग असं का झालं? पाहुण्या टीमचा मॅनेजर बरोबरीत क्लोजरला हात लावत नाही, आघाडी मिळाली की मग त्याला आणतो, हा तिथला रूढ हिशेब. यजमान टीम शेवटी बॅटिंग करते, म्हणून आघाडी घेतली तरी ती राखावी लागणार आणि त्यासाठी क्लोजर शिल्लक हवा. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण बरोबरीत यजमानांचा एक रन झाला की खेळ खलास. ज्या आघाडीसाठी माणूस राखला, ती येण्याआधीच मॅच हातची गेली. त्याच रात्री समोरच्या टोरोंटोने बरोबरी असतानाच आपला क्लोजर ओसुना नवव्या इनिंगमध्ये उतरवला होता, हेही विसरून चालणार नाही.

या सगळ्याच्या मुळाशी 'सेव्ह' नावाचा आकडा आहे. क्रिकेटवाल्या मित्रमैत्रिणींसाठी थोडक्यात सांगते. जिंकणाऱ्या टीमचा शेवटचा पिचर तीन किंवा कमी रनची आघाडी असताना येऊन किमान एक पूर्ण इनिंग टाकतो आणि आघाडी टिकवतो, तेव्हा त्याच्या नावावर सेव्ह लागतो. आणखीही एक-दोन वाटा आहेत, पण नेहमीची ही. शिकागोचे क्रीडा पत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी ही कल्पना मांडली आणि १९६९ पासून तो अधिकृत आकडा झाला. रिलीव्हरच्या, म्हणजे स्टार्टरनंतर येणाऱ्या पिचरच्या, कामाची कुठे नोंदच होत नव्हती, ती व्हावी हा त्यांचा हेतू चांगलाच होता. पण आकडा छापून यायला लागला, पगाराच्या वाटाघाटीत मोजला जायला लागला, आणि हळूहळू मॅनेजर मॅच सोडून आकड्याच्या मागे जायला लागले.

तीन रनची आघाडी, नववी इनिंग, बेसवर कोणी नाही. अशा मॅच शंभरातल्या पंचाण्णवहून जास्त तशाही जिंकल्या जातात, कोणताही बरा पिचर त्या संपवू शकतो. तिथे टीमचा सर्वोत्तम माणूस येतो. आणि सातव्या इनिंगमध्ये एका रनची आघाडी असते, बेस भरलेले असतात, एकच आउट असतो, समोरच्याचे दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचे बॅटर ओळीने यायचे असतात, तेव्हा मात्र टीमचा चौथा-पाचवा रिलीव्हर घाम पुसत उभा असतो. मॅच त्या घडीला ठरते. नवव्या इनिंगपर्यंत राखायला काही उरतच नाही.

पूर्वी असं नव्हतं. सत्तरच्या दशकात अशा माणसाला फायरमन म्हणायचे, कारण जिथे आग लागेल तिथे त्याला पाठवायचे, मग सहावी इनिंग असो की आठवी. गूस गॉसेजने १९७५ मध्ये रिलीव्हर म्हणून जवळजवळ १४२ इनिंग टाकल्या. त्याच्या आदल्या वर्षी डॉजर्सचा माइक मार्शल १०६ मॅचमध्ये उतरला आणि २०८ इनिंग टाकून साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार घेऊन गेला. एवढं कोणाकडून करून घ्यावं असं मी अजिबात म्हणत नाही, ते अतीच होतं. पण कोणाला कधी आणायचं, ही दृष्टी तेव्हाची सरस होती.

बदल आला तो ओकलंडमध्ये. टोनी ला रूसा यांनी डेनिस एकर्स्ली या वय झालेल्या स्टार्टरला बहुतेक वेळा नवव्या इनिंगपुरताच वापरायला सुरुवात केली. १९९२ मध्ये एकर्स्लीला ५१ सेव्ह, साय यंग आणि एमव्हीपी (सर्वात मोलाच्या खेळाडूचा मान), सगळं मिळालं. मग बाकीच्यांनी ती चाल जशीच्या तशी उचलली. एका तिशी उलटलेल्या हाताला जे मानवलं ते सगळ्यांचं शास्त्र झालं.

२९ जून २०२४ ला टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल चालू होती आणि मी नाशिकला बाबांशी फोनवर बोलत बोलत पाहत होते. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० रन हवे होते, क्लासेन पेटला होता. बुमराहच्या दोनच ओव्हर शिल्लक. रोहितने त्याला सोळावी दिली, मग अठरावी. सोळावीत चार रन, अठरावीत दोन रन आणि यान्सनची विकेट. बुमराह संपला. शेवटच्या दोन ओव्हर अर्शदीप आणि हार्दिकने टाकल्या, आपण सात रननी जिंकलो. मी बाबांना म्हटलं, "बाबा, तुम्ही कॅप्टन असता तर बुमराहला विसावीसाठी ठेवला असता का?" बाबा म्हणाले, "अगं, एक्का हातात ठेवून डाव हरायचा असतो का? विसावीपर्यंत मॅच राहायला तर हवी!"

बेसबॉल कधीच न पाहिलेल्या माझ्या बाबांना जे चटकन कळतं, ते टोरोंटोतल्या त्या रात्री आमच्या टीमने केलं नाही.

आणि करता येतं, हे दोनच दिवसांनी दिसलं. ६ ऑक्टोबर २०१६ ला क्लीव्हलंडचे मॅनेजर टेरी फ्रँकोना यांनी बॉस्टनविरुद्ध अँड्र्यू मिलरला पाचव्याच इनिंगमध्ये आणलं. आदल्या वर्षी यांकीजसाठी ३६ सेव्ह करणारा हा माणूस. त्याने दोन इनिंग टाकून मधला कठीण टप्पा ओलांडून दिला, शेवट कोडी ॲलनने केला. पुढे अख्खा ऑक्टोबर हेच चाललं. मिलरने त्या पोस्टसीझनमध्ये, म्हणजे वर्षाअखेरच्या बाद फेऱ्यांमध्ये, १९ इनिंगच्या वर टाकल्या, ३० बॅटर स्ट्राइकआउट केले आणि अमेरिकन लीगच्या फायनल सीरीजचा एमव्हीपी ठरला. नवव्या इनिंगचा मान दुसऱ्याला मिळतोय याचं त्याने कधी वाईट वाटून घेतलं नाही. त्याच्याबद्दल मला फार आदर आहे.

आता दुसरी बाजू, कारण तीही तितकीच खरी आहे. त्याच वर्षी क्लीव्हलंडविरुद्धच्या वर्ल्ड सीरीजमध्ये, म्हणजे शेवटच्या फायनल सीरीजमध्ये, शिकागो कब्जचे मॅनेजर जो मॅडन यांनी आपला क्लोजर अरोल्डिस चॅपमनचा हात पिळून काढला. पाचव्या मॅचमध्ये आठ आउटसाठी ४२ चेंडू. तिथे माझं काहीच म्हणणं नाही, हरले असते तर सगळंच संपलं असतं. पण सहाव्या मॅचमध्ये ७-२ अशी आघाडी असतानाही त्याला सातव्या इनिंगमध्ये उतरवला, आणखी २० चेंडू. दुसऱ्या दिवशी सातवी मॅच. आठव्या इनिंगमध्ये चॅपमन आला तेव्हा त्याच्या चेंडूला नेहमीची धार नव्हती, आणि राजाई डेव्हिसने दोन रनचा होमरन मारून ६-६ केलं. कब्ज दहाव्या इनिंगमध्ये ८-७ जिंकले, १९०८ नंतर पहिल्यांदा, म्हणून त्या सहाव्या मॅचबद्दल आज फारसं कोणी बोलत नाही. मी बोलते. सर्वोत्तम माणूस कठीण घडीला आणायचा, याचाच अर्थ सोप्या घडीला त्याला हात लावायचा नाही. पाच रनची आघाडी ही त्याची घडी नव्हे.

हाताची किंमत मला कळली ती कॅम्डन यार्ड्समध्ये बुलपेनच्या कठड्याला टेकून. लेफ्ट-सेंटरच्या भिंतीपलीकडे दोन्ही टीमची बुलपेन एकावर एक पायरीसारखी आहेत, वरून आत सरळ दिसतं. एका उन्हाळी संध्याकाळी सहाव्या इनिंगमध्ये तिथला फोन वाजला. कोचने ऐकलं, नुसती मान हलवली. एका पोराने जॅकेट काढलं, खांदा दोनदा गोल फिरवला आणि टाकायला लागला. पहिले चार-पाच हळू, मग जोरात. कॅचरच्या ग्लव्हचा आवाज अक्षरशः छातीत घुमत होता. पंधराएक चेंडू झाले असतील, मैदानात डबल प्ले (एकाच चेंडूवर दोन आउट) झाला, फोन वाजला, तो खाली बसला. जॅकेट अंगावर. सातव्या इनिंगमध्ये पुन्हा उठला, पुन्हा बसला. आठवीत पुन्हा. मॅच संपली, तो काही आत आला नाही. स्कोअरबोर्डवर त्याच्या नावापुढे काहीच नाही, पण हात तर तीन वेळा तापून गार झाला होता. दुसऱ्या दिवशी मॅनेजर म्हणणार, हा ताजा आहे!

म्हणून ठरलेल्या भूमिकेचं समर्थन करणाऱ्यांना मी उडवून लावत नाही. "तुझी नववी इनिंग" असं सांगितलं की माणूस सातव्या इनिंगपर्यंत निवांत असतो, वेळेवर अंग मोकळं करतो, फुकट चेंडू टाकत नाही. १६२ मॅचच्या वर्षात ही फार मोठी गोष्ट आहे. क्रिकेटमध्ये बुमराहला एक ओव्हर देऊन थांबवता येतं, नंतर पुन्हा आणता येतं. बेसबॉलमध्ये पिचर एकदा बाहेर गेला की त्या दिवशी परत नाही. शिवाय २०२० पासून नियमच झाला आहे की आलेल्या पिचरने किमान तीन बॅटरना तोंड द्यायचं, नाहीतर इनिंग संपवायची. एका डावखुऱ्या बॅटरपुरता डावखुरा आणायचा आणि लगेच बदलायचा, हे दिवस गेले. चुकीचा माणूस आणलात तर तीन बॅटर ती चूक भोगायची.

पण यावर उपाय आहे. माणसाला इनिंगचा आकडा देण्याऐवजी बॅटर नेमून द्या. दुपारीच सांगा की आज त्यांचे दोन ते पाच क्रमांकाचे बॅटर सातव्या इनिंगनंतर येतील तेव्हा, मॅच एक-दोन रनच्या आत असेल तर, तू. त्याला लाइनअप समोर दिसत असते, आपली पाळी कधी येणार हे तो स्वतः मोजू शकतो. एकदा तापवला की आत आणायचाच. दोन दिवस सलग टाकलं की तिसऱ्या दिवशी सुट्टी, मग समोर कोणीही असो. आणि बरोबरीत, परक्या मैदानावर, नवव्या इनिंगनंतर सर्वोत्तम माणूस आधी, बाकीचे मागून. यासाठी क्लोजरला कमी लेखायची गरज नाही. यांकीजचा क्लोजर मारियानो रिव्हेराचे ६५२ सेव्ह सगळ्यांना पाठ आहेत, पण ऑक्टोबरमध्ये मॅनेजर जो टॉरी त्याला कितीदा तरी आठव्या इनिंगमध्येच आणायचे आणि तो दोन-दोन इनिंग टाकायचा. पोस्टसीझनमधल्या १४१ इनिंगमध्ये ईआरए ०.७०. त्याचं खरं मोठेपण मला तिथे दिसतं.

माझा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे, लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉलमध्ये, खेळतो, आणि त्याच्या टीमचे चेंडू मोजायचं काम माझ्याकडे आहे. हातात छोटं काउंटर, प्रत्येक चेंडूला एक टिचकी. मुलांचे नियम कडक आणि चांगले आहेत: या वयाला दिवसाला ८५ चेंडू ही मर्यादा, २० पर्यंत टाकले तर विश्रांती लागत नाही, २१ झाले की एक दिवस सक्तीची. गेल्या वर्षी एका महत्त्वाच्या मॅचमध्ये आमचा सगळ्यात चांगला पिचर सहाव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगसाठी राखून ठेवला होता. चौथीत बेस भरले, दमलेल्या मुलाला तसंच ठेवलं, पाच रन गेले. तो मुलगा रडत बाहेर आला आणि राखून ठेवलेला पोरगा बाकावर ग्लव्ह हातात घालून बसलेला होता. त्या रात्री मी कोचना लांबलचक ईमेल लिहिला. त्यात ब्रिटन होता, मिलर होता, बुमराहसुद्धा होता.

यंदा मे महिन्यात पुन्हा तीच वेळ आली. चौथी इनिंग, एका रनची आघाडी, बेस भरलेले, एक आउट. कोचनी बाकाकडे पाहिलं आणि त्याच मुलाला बोलावलं. पहिला बॅटर स्ट्राइकआउट. दुसऱ्याने फाउलवर फाउल मारले, माझा अंगठा काउंटरवर घट्ट. शेवटी एक साधा ग्राउंडर शॉर्टस्टॉपकडे गेला, इनिंग संपली. पाचवी दुसऱ्या एका मुलाने टाकली, सहावी माझ्या मुलाने, एक रन दिला, पण तोवर आमची आघाडी तीनची झाली होती.

कोच माझ्याकडे आले आणि विचारलं, चौथीतल्याचे किती झाले? मी काउंटर दाखवलं. अठरा. म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या मॅचला तो पुन्हा टाकू शकत होता.