तेवढा एक पब दाखव

पुण्याहून एडिनबराला येणाऱ्या पाहुण्यांच्या मागण्या ठरलेल्या असतात. किल्ला, राजवाडा, बॅगपाइप वाजवणाऱ्या माणसाबरोबर फोटो, आणि परतीच्या आदल्या दिवशी, आवाज जरा खाली आणून, "तेवढा एक पब दाखव. खरा, जुना. टुरिस्टांचा नको." हे म्हणणारा माणूस स्वतः टुरिस्ट असतो, पण ते आपण बोलून दाखवायचं नसतं. त्याच्या डोळ्यांसमोर काळपट लाकडी तुळया, पितळी नळ, शेकोटी आणि तिच्यापुढे पेंगणारा कुत्रा असं चित्र असतं. हे सगळं खरोखर असतं. चित्रात फक्त एवढंच दिसत नाही की पब ऐतिहासिक असला की चौकट कपाळाला लागते आणि ऊबदार असला की बसायला जागा नसते.

यंदा काका-काकू आले ते ऑगस्टात. ऑगस्टात इथे महोत्सव असतो. १९४७ साली सुरू झाला, तो अजून आवरलेला नाही. गावात पाय ठेवायला जागा नसते, आणि जिथे असते तिथे कुणीतरी एकपात्री प्रयोगाची जाहिरात हातात कोंबतं. त्यात ऑगस्ट म्हणजे श्रावण. काका श्रावण पाळतात. एरवी त्यांनी घेतलेली कुणी पाहिलेली नाही, पण "मी श्रावणात घेत नाही" हे ते इतकं ठासून सांगतात की उरलेल्या महिन्यांचा खुलासा आपोआप होतो. काकूंचा तर चातुर्मास. कांदा-लसूण बंद.

"मग पबमध्ये जाऊन करायचं काय?" मी विचारलं.

"वातावरण बघायचं," काका म्हणाले.

आता जुना म्हणजे किती जुना, हा प्रश्न आला. डडिंग्स्टन गावातलं शीप हीड इन आपला जन्म १३६० सालचा सांगतं. ग्रासमार्केटातलं व्हाइट हार्ट इन १५१६ वर समाधानी आहे. काकांनी राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जविभागात हयात घालवली. त्यांनी विचारलं, "मूळ इमारत तीच आहे का? नंतर बांधलेली? कागद काय आहेत?" मी म्हटलं, परंपरा आहे. "असल्या टायटलवर मी कुणाला पाच हजारसुद्धा दिले नसते," असं म्हणून त्यांनी व्हाइट हार्टचा बाहेरूनच फोटो काढला.

कवी रॉबर्ट बर्न्स १७९१ मध्ये तिथे उतरला होता म्हणतात. आपल्याकडे कातळात कुठे खोली कोरलेली दिसली की तिथे पांडव राहून गेलेले असतात. इथे दारू मिळण्याच्या जुन्या जागी बर्न्स. हा माणूस सदतिसाव्या वर्षी गेला, त्यात शेती केली, कविता केल्या, आणि १७८९ पासून अबकारी खात्यात नोकरीही केली. अबकारीचा उल्लेख निघताच काकांचा चेहरा उजळला. "मग तपासणीला गेला असेल," ते म्हणाले. बर्न्सवर आजवर बरंच लिहिलं गेलंय, पण इतकं समंजस काही माझ्या वाचनात नाही.

काकूंना कवीपेक्षा मॅगी डिक्सन आवडली. तिच्या नावाचाही एक पब ग्रासमार्केटातच आहे. १७२४ साली तिला याच चौकात फाशी दिली, आणि शवपेटी गावाकडे नेताना आतून आवाज आला. बाई जिवंत. शिक्षा तर देऊन झालेली, त्यामुळे पुन्हा फाशी नाही. पुढे ती कित्येक वर्षं जगली. पेटी नेणारी मंडळी वाटेत प्यायला थांबली होती, म्हणून तो आवाज कळला, असंही सांगतात. काकांना यात मद्याचा सामाजिक उपयोग दिसला. काकू म्हणाल्या, "आणि घरी पोचल्यावर स्वयंपाक तिलाच करावा लागला असेल."

मी त्यांना शेवटी नेलं ते एका बोळातल्या लहान पबमध्ये. त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण तिथे मला पुन्हा जायचंय. टीव्ही नाही, गाणी नाहीत, भिंतींना जुन्या डिस्टिलऱ्यांचे आरसे, आणि पूर्वीच्या सिगारेटींनी पिवळं केलेलं छत. पबमधली सिगारेट स्कॉटलंडने मार्च २००६ मध्ये, इंग्लंडच्याही आधी, बंद केली. छताला मात्र ते कुणी कळवलेलं नाही. काका चौकटीखालून ताठ मानेनं आत गेले. कपाळ माझं आपटलं.

बसल्या बसल्या काका वेटरची वाट पाहू लागले. इथे वेटर येत नाही, हे मी सांगितलं. काउंटरवर जायचं, सांगायचं, तिथल्या तिथे पैसे द्यायचे. "म्हणजे उधारी नाही," काका खूश होऊन उठले. आणि इथून माझी परीक्षा सुरू झाली.

पबच्या काउंटरसमोर रांग नसते. माणसं आडवी पसरून, टेकून, इकडेतिकडे बघत उभी असतात. त्यावरून एखाद्याला वाटेल की इथे घुसायला मुभा आहे. पण रांग असते. ती काउंटरमागच्या माणसाच्या डोक्यात असते, आणि उभ्या असलेल्या प्रत्येकाला आपला नंबर ठाऊक असतो. हात हलवायचा नाही, नोट फडकवायची नाही, टिचकी तर नाहीच नाही. नजरानजर झाली की भुवई किंचित उचलायची. काका ऐन गर्दीत लोकल पकडून नोकरी केलेले. त्यांनी खांदा पुढे घातला, कोपराने जागा केली, पहिल्या ओळीत पोचले आणि "हॅलो बॉस" म्हणाले. बॉसने त्यांच्या डावीकडच्याला विचारलं. मग उजवीकडच्याला. मग काकांच्या मागे उभ्या असलेल्या एका बाईंना. त्या बाई काकांकडे बोट दाखवून म्हणाल्या, हे माझ्या आधीचे आहेत. काका चपापले. गर्दीत कुणी आपला नंबर आपल्याला परत करतं, याची त्यांना सवय नव्हती. त्यांना यात काहीतरी डाव दिसला.

"ऑलराइट?" बारमनने विचारलं. याचं उत्तर द्यायचं नसतं. काकांनी गुडघ्यापासून सुरुवात केली. बारमन भला माणूस. डाव्या गुडघ्याचा एमआरआय येईपर्यंत त्याने ऐकून घेतलं.

मग काकांचं लक्ष बिअरच्या नळावरच्या '८०/-' या आकड्याकडे गेलं. "शिलिंग तर १९७१ सालीच बंद झाले!" मी समजावलं, की एकोणिसाव्या शतकात पिंपाची किंमत शिलिंगांत असायची, बिअर जितकी कडक तितके शिलिंग जास्त, आणि शिलिंग गेले तरी बिअरचं नाव राहिलं. हे चालू असताना मागची माणसं शांतपणे उभी. त्यांच्या शांततेनं मला घाम फुटला. मग व्हिस्कीच्या मापाची पाटी. इथे माप पंचवीस मिलीचं किंवा पस्तीसचं, कायद्याने ठरलेलं. "पंचवीस?" काका दुखावले. "आपल्याकडे छोटा पेगसुद्धा तीसचा असतो." मग काकू ऐकताहेत का ते बघून, "असं ऐकलंय."

शेवटी संत्र्याचा रस, सोडा, माझी अर्धी पाइंट आणि काकूंसाठी शाकाहारी हॅगिस. मूळ हॅगिस मेंढीच्या काळीज-फुप्फुसाचं. शाकाहारीत ओट, डाळी, घेवडा, बिया, मिरपूड. सोबत सलगम आणि बटाट्याचा लगदा. श्रावणात चालण्यासारखंच की. पण काकूंनी विचारलं, "कांदा आहे का?"

बारवरची मुलगी आत गेली आणि जाडजूड फोल्डर घेऊन आली. ब्रिटनच्या कायद्यानुसार खाण्यातले चौदा ॲलर्जीकारक पदार्थ ग्राहकाला सांगावेच लागतात. आम्ही दोघांनी यादी वाचली. सेलरी आहे, मोहरी आहे, तीळ आहेत, शिंपल्यांचे प्राणी आहेत, ल्युपिन नावाची काही शेंगसुद्धा आहे. कांदा नाही. कांद्याने कुणाचं काही बिघडतं हे या देशाच्या संसदेला सुचलेलंच नाही. मुलीने काळजीने विचारलं, किती गंभीर ॲलर्जी आहे? मी म्हटलं, कार्तिकी एकादशीपर्यंत. ती पुन्हा आत गेली, आचाऱ्याला भेटली आणि परत येऊन म्हणाली, कांदा आहे. काकूंनी बटाट्याचा लगदा घेतला. त्यावर मीठ, मिरपूड आणि पर्समधून काढलेली मेतकुटाची पुडी. बटाटा बरा होता म्हणे.

इथपर्यंत सगळं निभावलं होतं. पण शेजारच्या टेबलावरचे आजोबा बोलके निघाले. त्यांचा कुत्रा काकूंच्या पावलांवर हनुवटी टेकवून झोपला होता, आणि काकू, ज्यांनी सोसायटीतल्या कुत्र्यांविरुद्ध सह्यांची मोहीम चालवलीय, पाय न हलवता बसल्या होत्या. आजोबा गोदीत काम केलेले. काकांना त्यांचं अर्धंअधिक बोलणं कळत नव्हतं, त्यांना काकांचं. गप्पा रंगल्या. मी मधे भाषांतर करायला गेलो, तर दोघांनाही ते आवडलं नाही. पेन्शन, गुडघे, जावई आणि पाऊस यांना भाषा लागत नसावी. खरं सांगायचं तर पबमध्ये बघण्यासारखं असतं ते हे. तुळया आणि आरसे नवे बसवता येतात. इथल्या कित्येक 'जुन्या' जागी ते तसेच बसवलेत.

मग आजोबा उठले आणि काकांसाठी व्हिस्की आणायला निघाले.

इथे राउंडची पद्धत आहे. एकाने सगळ्यांसाठी आणायचं, मग दुसऱ्याने. टीटीएमएम चालत नाही, आणि बिलावरून ओढाताण तर माहीतच नाही. पण काका पुण्याचे. "नो नो नो, आय विल गिव्ह!" म्हणत त्यांनी काउंटरकडे निघालेल्या आजोबांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. आपल्याकडे हा शिष्टाचार. इथे पब गप्प झाला. बारमनने ग्लास खाली ठेवला. कुत्रा उठला. सगळं ठीक आहे ना, असं कुणीतरी मला विचारलं आणि मी स्कॉटिश जनतेला महाराष्ट्रातल्या आदरातिथ्यावर दोन शब्द सांगितले.

व्हिस्की आली. सोबत पाण्याचा लहान जग. आजोबांनी "स्लान्जे" म्हणून आपला ग्लास उचलला. काकांसमोर पंचवीस मिली, आणि पलीकडे काकू.

"राखी पौर्णिमा कधी झाली?" काकांनी तिला विचारलं.

"झाली की गेल्या आठवड्यात. का?"

"उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो. म्हणजे त्यांचा श्रावण राखीलाच संपला. त्यांना भाद्रपद लागलासुद्धा."

"त्यांना लागला असेल. तुम्हाला काय त्याचं?"

"स्कॉटलंड उत्तरेलाच आहे," काका म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. ज्योतिषशास्त्राच्या दृष्टीने हा युक्तिवाद कितपत टिकेल याबद्दल मला शंका आहे, पण भूगोलात चूक काढता येत नव्हती. काकूंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "बरं. पण मग तुमचा पितृपक्षही उत्तरेचाच. तो लवकर लागला की बाहेरचं खाणं बंद." काकांनी हे मान्य केलं. पंधरवडा दोन्हीकडे एकच असतो, फक्त महिन्याचं नाव वेगळं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण बँकेतला माणूस, समोरचा अटी घालत असताना सही करून मोकळा होतो.

परतीचा राउंड काकांनी आणला. या वेळी काउंटरला शांतपणे टेकले, कुणाकडेही न बघता, भुवई किंचित उचलून. बारमनने पहिल्या खेपेत ऑर्डर घेतली आणि गुडघ्याचीही चौकशी केली. बाहेर पडताना काकूंनी आजोबांच्या मुलीचा पत्ता आणि कुत्र्याचं वय विचारून घेतलं होतं.

पुण्याला पोचल्यावर काकांनी घरच्या ग्रुपवर लांबलचक मजकूर टाकला. त्यात व्हिस्कीचा उल्लेख नव्हता, वातावरणाचा होता. लगेच मामांचा फोन आला. ते आणि मामी ऑक्टोबरात येताहेत. किल्ला, राजवाडा, आणि तेवढा एक पब. तारखा पाहिल्या तर ऐन नवरात्र. मामांचं काही नाही, पण मामी नऊ दिवस पायात चप्पल घालत नाहीत, आणि त्या बोळातल्या पबची फरशी मी पाहिलेली आहे.