खोकी, थप्पी आणि माझा विनय

मी पुठ्ठ्याची खोकी बनवतो. २२ वर्षं झाली. एवढंसं वाक्य लिहायला मला तीनदा खोडावं लागलं. '२२ वर्षं' म्हटलं की मिरवल्यासारखं वाटतं आणि 'काही वर्षं' म्हटलं की कालच धंद्यात पडल्यासारखं.

या भानगडीत मला एका तरुण सल्लागाराने ढकललं. "काका, तुमच्याकडे ज्ञान आहे, ते लोकांसमोर मांडा. आधी विश्वास बसतो, मग माल खपतो." बोलणाऱ्याची मातीही खपते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, हे मला पटलं. पण लिहायला बसलो की दुसरी म्हण आतून खाकरायची : उथळ पाण्याला खळखळाट फार. पूर्वजांनी दोन्ही म्हणी करून ठेवल्या. कोणती कधी काढायची, ते सांगायचं मात्र राहून गेलं.

पहिल्या मजकुराची सुरुवात होती, 'सांगायला संकोच वाटतो, पण...' मुलगी म्हणाली, "बाबा, संकोच वाटतो तर सांगताय कशाला?" ते काढून 'नम्रपणे नमूद करतो की' घातलं. "आता ही नोटीस वाटतेय." मग मी डोकं चालवलं आणि तक्रारीच्या पुडीत बढाई बांधली : 'काय करणार, गिऱ्हाईकं दुसरीकडे जायलाच तयार नाहीत, झोपायला फुरसत नाही!'

मुलीने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग फोनवर काहीतरी शोधून माझ्यापुढे धरलं. वर्तनाच्या अभ्यासक ओव्हुल सेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली नेमका हाच प्रकार अभ्यासला होता. सरळ बढाई मारणारा एक वेळ चालतो. कुरकुरत बढाई मारणारा मात्र लोकांना ढोंगी वाटतो आणि जास्त नावडतो. म्हणजे इतका विनय खर्चून मी उघड फुशारकीच्याही एक पायरी खाली उतरलो होतो.

"आणि लोक काय म्हणतील, ही काळजी सोडा," ती म्हणाली. तिच्याकडे यावरही प्रयोग तयार होता. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली तो प्रसिद्ध केला. एका विद्यार्थ्याला ओशाळं वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवायचं आणि किती जणांनी पाहिलं असेल, ते विचारायचं. टी-शर्ट घालणाऱ्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी पाहिला. प्रत्यक्षात पाहिला होता साधारण चौथा हिस्सा लोकांनी. यातून मला दिलासा मिळायला हवा होता. माझ्या मनात आलं, मग एवढं लिहून उपयोग काय?

प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण रविवारी समोरच्यांनी घर बदलायला काढलं. खिडकीतून पाहतो तर हमाल खोकी विटांसारखी रचत होते, एकाचा सांधा दुसऱ्याच्या मध्यावर! मी तसाच चपला सरकवून खाली. "अहो, थांबा! वजन पेलतात ते खोक्याचे कोपरे. कोपऱ्यावर कोपरा यायला हवा. विटांसारखं रचलं तर थप्पी डोलत नाही हे खरं, पण वरचा कोपरा खालच्याच्या पोकळ मध्यावर बसतो आणि खालचं खोकं चेपतं." मग तिथलंच एक फाटकं खोकं उचलून आतला नागमोडी कागद दाखवला. या नळ्या उभ्या हव्यात, आडव्या झाल्या की पुठ्ठा बसलाच. शिवाय दमट जागेत खोकी ठेवू नका, ओलाव्याने पुठ्ठ्याची ताकद जाते.

४० मिनिटं बोललो. कोणी विचारलं नव्हतं. हमालांपैकी एक बिचारा कोचाची बाजू धरून उभाच होता. आणि त्या ४० मिनिटांत मला संकोच म्हणून कणभरही वाटला नाही, कारण मी स्वतःबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. सगळं खोक्यांबद्दल चाललं होतं.

तेच रात्री लिहून काढलं. आमच्या पहिल्याच मोठ्या मालाची खोकी मी आडव्या नळीची कापली होती, तळचा थर पापडासारखा चेपला होता आणि मी दोष गाडीवाल्याला दिला होता, हेही लिहिलं. हा भाग लिहिताना हात अडला. मुलीने मात्र याच भागाला पहिल्यांदा मान डोलावली. (माझी फजिती वाचताना तिला इतका आनंद का होतो, हा वेगळा विषय आहे.)

वाचलं मोजक्यांनीच. त्यातल्या एकाने मला चूक दाखवली : पॅलेटच्या, म्हणजे खोकी रचायच्या फळ्यांच्या चौकटीच्या, काठाबाहेर खोकं लोंबत असेल तर कोपरे जुळवूनही उपयोग नाही, हे तुम्ही लिहिलंच नाही! बरोबर होतं. मी हरखून त्याला लेखापेक्षा लांब उत्तर पाठवलं.

दुसऱ्या दिवशी एकाचा निरोप आला. 'लेख फार उपयोगी पडला. अशी खोकी कोण बनवून देतं, काही कल्पना आहे का?'

फुशारकी नको या भीतीने मी माझ्या धंद्याचा उल्लेखच गाळला होता. उत्तर एका ओळीचं आहे. तीन दिवस झाले, लिहितोय. आत्तापर्यंतचा सगळ्यात बरा मसुदा 'सांगायला संकोच वाटतो, पण' असा सुरू होतो.