गोलकीपर व्हा, मजेत राहा

घरातल्या पोराला शिव्या खायची जन्मजात हौस असेल तर उगाच स्पर्धा परीक्षेला बसवू नका, सरळ फुटबॉलचा गोलकीपर करा. सिलेक्शन एकदम सोपं. आमच्या वेंगुर्ल्याकडे टीम पाडताना धावणारे जातात पुढे, ज्याचा बॉल तो बाय डिफॉल्ट स्ट्रायकर, आणि शेवटी जो उरतो त्याला सगळे असं बघतात की बास, ठरलं. मी असाच ठरलो, आणि कुणाला दुसरा कोण मिळाला नाही म्हणून नऊ वर्षं टिकलो.

ऑफिस बघा आधी, म्हणजे गोलपोस्ट. ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच, म्हणजे जवळजवळ १९२ स्क्वेअर फूट. आपले चाकरमानी बीडीडी चाळीच्या १६० फुटांत दहा माणसं आणि गणपती बसवायचे, तुम्हाला त्याहून मोठी जागा एकट्याला, भाडं नाही, फक्त आत काही येऊ द्यायचं नाही एवढीच अट. आमचं ऑफिस सुकतीला, म्हणजे ओहोटीला, वाळूवर लागायचं, दोन सुरूचे वासे आणि त्यांना बांधलेलं काकाचं फाटकं रापणीचं, म्हणजे मासे ओढायचं, जाळं. त्यात बांगड्याचे खवले चिकटलेले असायचे, गोल गेला की बॉल काढायला आत शिरा, आणि घरी आल्यावर आई आंघोळीला पाठवायच्या आधी मांजर मागे लागायचं. काका बांधावर बसून ओरडायचा, "मेल्या, तुका साधो बॉल गावना नाय, मासो खय गावतलो!" हे सगळं फ्री कोचिंग बरं का.

प्रमोशनचं म्हणाल तर आहे ना. बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या बेस्ट फुटबॉलरचं बक्षीस, १९५६ पासून देतात, आजवर एकाच गोलकीपरला मिळालं, लेव याशिनला, १९६३ साली. मग बाकीच्यांना वाईट वाटू नये म्हणून २०१९ पासून त्याच्याच नावाने फक्त कीपरांसाठी ट्रॉफी काढली. म्हणजे लग्नात कशी वाजंत्रीवाल्यांची पंगत वेगळी मांडतात, तसं.

पेनल्टीचं, म्हणजे समोर एकटा किक मारणारा आणि गोलात एकटे तुम्ही, त्याचं शास्त्र तर खासच आहे, नीट ऐका. इस्रायलच्या अभ्यासकांनी २८६ पेनल्ट्या तपासल्या आणि निघालं असं की कीपर मधेच उभा राहिला तर अडवायचा चान्स सगळ्यात जास्त, पण मधे उभे राहतात फक्त ६.३ टक्के. का? सोप्पंय, उभं राहून गोल खाल्ला तर लोक म्हणतात हा खांब हललाच नाही, आणि चुकीच्या बाजूला उडी मारून तोंडात वाळू गेली की म्हणतात, बिचाऱ्याने ट्राय तरी केला. तेव्हा उडी मारा. कुठे पण मारा.

आणि पेन्शन! ब्राझीलचा गोलकीपर बार्बोसाचं बघा. १९५० चा वर्ल्डकप, माराकाना स्टेडियम, शेवटची मॅच, ब्राझीलला कप जिंकायला नुसती ड्रॉ पुरत होती. उरुग्वेच्या गिजियाने जवळच्या पोस्टमधून दुसरा गोल घातला आणि ब्राझील २-१ हरलं. बार्बोसा २००० साली गेला, मधली पन्नास वर्षं लोक त्याला तेवढा एकच गोल ऐकवत होते. (त्या टीममध्ये आणखी दहा जण होते, पण ते कोणाच्या लक्षात राहतायत.) नोकरीत इतकी वर्षं आठवण ठेवणारं डिपार्टमेंट दुसरं दाखवा मला.

रिटायरमेंटचं वय मात्र ढिलं आहे, हा खरा फायदा. इटलीचा झॉफ ४० व्या वर्षी वर्ल्डकप जिंकला, आणि इजिप्तचा हदारी २०१८ ला ४५ व्या वर्षी खेळला, एक पेनल्टी अडवली पण, मग त्याच हाफमध्ये दुसरी पेनल्टी आत गेली आणि मॅचही हरले. अडवलेली किती जणांना आठवते ते तुमचं तुम्ही विचारा.

हां, आता नवीन नियम आलाय, हातात बॉल ८ सेकंदांपेक्षा जास्त ठेवला की समोरच्यांना कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून किक. म्हणजे दीड तासात जरा कुठे बॉल छातीशी धरून शांत वाटायचं, ते पण गेलं.

तरी व्हायचंच असेल तर रविवारी चारला या, भरती लागायच्या आत. माझे ग्लोव्हज घेऊन जा. उजव्याचा अंगठा उसवलाय, पण बॉल बहुतेक डाव्या बाजूनेच जातो.