फॅशनचे रिॲलिटी शो ‘निव्वळ बनाव’ असतात का?

फॅशनच्या दुनियेवरील रिॲलिटी शोंविषयी एक मजकूर वेगवेगळ्या रूपांत सतत पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: विजेता आधीच ठरलेला असतो, एका रात्रीत पोशाख शिवून होणे अशक्य असल्यामुळे ते पडद्यामागचे शिंपी शिवतात, भांडणे आणि अश्रू संहितेत लिहिलेले असतात, असे शो पाहून फॅशनमधले काहीही कळत नाही, आणि जिंकणारे पुढे कुठेच दिसत नाहीत, कारण खरा फॅशन उद्योग त्यांना मोजतच नाही. पाचही विधानांत थोडेथोडे तथ्य आहे, म्हणून मजकूर पटतो. माझा आक्षेप असा की खोटेपणा तो भलत्याच ठिकाणी शोधतो. या शोंमधील काम बहुतांशी खरे असते. प्रश्न विचारायचे तर ते संकलनाच्या टेबलाविषयी आणि कराराच्या कागदांविषयी विचारायला हवेत. मजकुरातील उदाहरणे मुख्यतः दोन अमेरिकी कार्यक्रमांची असतात, २००३ मध्ये सुरू झालेला, मॉडेलांच्या स्पर्धेचा ‘अमेरिकाज नेक्स्ट टॉप मॉडेल’ आणि डिसेंबर २००४ मध्ये ब्राव्हो वाहिनीवर आलेला, डिझायनरांच्या स्पर्धेचा ‘प्रोजेक्ट रनवे’, म्हणून मीही त्यांच्याच आधारे बोलतो.

शिवणकामाचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचा अविश्वास त्यावरच उभा आहे. एका रात्रीत गाऊन होतो का, तर होतो. तो कसा होतो, एवढेच पाहावे लागते. एरवीच्या पद्धतीत नमुना आधी मांजरपाटावर बेतला जातो, तो पुतळ्यावर किंवा मॉडेलच्या अंगावर चढवून दुरुस्त केला जातो, मग कागदी पॅटर्न पक्का होतो आणि त्यानंतरच मूळ कापडाला कात्री लागते. स्पर्धक यातील निम्म्या पायऱ्या गाळतात. ते कापड थेट पुतळ्यावर टाचण्यांनी बसवतात, अस्तर टाळतात, शिवणींच्या कडा आतून तशाच सोडतात, आणि चेन बसवायला वेळ उरला नाही तर मॉडेलच्या अंगावरच टाके घालून कपडा बंद करतात, म्हणजे रॅम्पवरून परतल्यावर तिला त्यातून उसवूनच बाहेर काढावे लागते. परीक्षक जवळ जाऊन कपडा उलटसुलट करून पाहतात तेव्हा हे कच्चे काम उघडे पडते आणि त्यापायी कित्येक जण घरी जातात. आत कसबी शिंपी बसवलेले असते, तर वाकड्या शिवणी आणि गोळा झालेली कंबर इतक्या वेळा दिसली नसती.

‘प्रोजेक्ट रनवे’च्या अगदी पहिल्या फेरीत स्पर्धकांना कापडाच्या दुकानाऐवजी सुपरमार्केटमध्ये नेले गेले होते आणि ५० डॉलरांत मिळेल त्या वस्तूंपासून पोशाख करायला सांगितले होते. त्या फेरीत जिंकलेला पोशाख मक्याच्या कणसांवरील पानांचा होता. त्या पोशाखाची कल्पना कुणाला आवडेल, कुणाला नाही. पण ते काम बाहेरच्या कारखान्यातून करून आणण्यासारखे नाही, एवढे नक्की. शिवाय बाहेरची मदत हा तिथे गंभीर गुन्हा मानला जातो. २००६ च्या तिसऱ्या पर्वात पॅटर्नची पुस्तके जवळ ठेवल्याबद्दल एका स्पर्धकाला काढून टाकण्यात आले. त्याच पर्वाच्या अंतिम टप्प्यात एका स्पर्धकाने बाहेरून शिवणकाम करून घेतल्याचा आरोप दुसऱ्या स्पर्धकाने केला, तेव्हा निर्मात्यांनी चौकशी केली. मुख्य आरोपातून तो सुटला, मात्र खर्चाची मर्यादा ओलांडल्याचे निघाले. २०१७ च्या सोळाव्या पर्वात राहत्या खोलीत मापाची टेप वापरून स्वतःच्याच कपड्यांची मापे घेतल्याचे कबूल करणारी स्पर्धक बाद झाली.

मग शिंप्यांची गोष्ट आली कुठून? माझ्या समजुतीप्रमाणे ती ॲमेझॉनवर मार्च २०२० मध्ये आलेल्या, डिझायनरांच्याच ‘मेकिंग द कट’ या दुसऱ्या स्पर्धेवरून पसरली असावी. तिथे स्पर्धक रात्री सूचनांचा कागद तयार करून जातात आणि शिवणारे कारागीर त्याबरहुकूम काम करून ठेवतात. पण तिथे लपवलेले काहीच नाही. हे सारे पडद्यावरच दाखवले जाते, आणि सकाळी आलेला कपडा अपेक्षेप्रमाणे नाही हे पाहून डिझायनरचा चेहरा कसा पडतो, हा त्या शोच्या रंगतीचाच भाग आहे. आणखी असे की उद्योगाचे खरे चित्र याच शोच्या जवळचे आहे. नावाजलेल्या डिझायनरच्या कार्यशाळेत पॅटर्न करणारे वेगळे, कापणारे वेगळे, शिवणारे वेगळे असतात आणि एका हंगामाचा संग्रह महिनोन्‌महिने चालतो. एकट्याने, एका रात्रीत, सगळे स्वतः शिवायला लावणे ही शोने खेळासाठी केलेली अट आहे. वास्तवाला मुरड घातली गेली असेल तर ती इथे, आणि तीही मजकूर म्हणतो त्याच्या नेमकी उलट दिशेने.

विजेता आधीच ठरलेला असतो, या आरोपाला थोडे जपून उत्तर द्यावे लागेल. अनेक जण त्यावर कायद्याचा दाखला देतात: १९५० च्या दशकात अमेरिकेत प्रश्नमंजूषांच्या कार्यक्रमांचे निकाल फिरवल्याची प्रकरणे उघड झाली आणि १९६० मध्ये अशा फसवणुकीला गुन्हा ठरवणारी तरतूद झाली, तेव्हा कुणी निकाल कसा ठरवून ठेवेल, असे ते म्हणतात. हा बचाव वाटतो तितका भक्कम नाही. त्या तरतुदीची भाषा बौद्धिक ज्ञान, बौद्धिक कौशल्य आणि नशीब यांवरच्या स्पर्धांची आहे. परीक्षकांच्या आवडीवर चालणारी कपड्यांची स्पर्धा तीत नीट बसते की नाही, यावर वाद घालता येईल. त्याहून बोलका पुरावा खुद्द कार्यक्रमातच आहे. ‘प्रोजेक्ट रनवे’च्या श्रेयनामावलीत अशी सूचना येत असे की विजयाचे आणि बाद करण्याचे निर्णय परीक्षकांनी निर्मात्यांशी सल्लामसलत करून घेतले आहेत आणि काही निर्णयांविषयी वाहिनीशीही चर्चा झाली आहे. म्हणजे निर्मात्यांचा हात असतो, आणि तो बारीक अक्षरांत का होईना, कबूल केलेला असतो. एखादा भांडखोर स्पर्धक मधल्या फेऱ्यांत दोन आठवडे जास्त टिकतो त्याचे कारण बहुधा हेच.

पण सल्लामसलत होणे आणि पहिल्याच दिवशी विजेता ठरलेला असणे यांत बरेच अंतर आहे. २०१० च्या आठव्या पर्वात प्रेक्षकांचा मोठा ओढा माँडो गेरा या स्पर्धकाकडे होता. अंतिम निर्णयात परीक्षक उघडपणे दुभंगले: हायडी क्लूम आणि पाहुण्या परीक्षक जेसिका सिम्पसन त्याच्या बाजूने, तर मायकल कोर्स आणि नीना गार्सिया ग्रेचेन जोन्सच्या बाजूने. जोन्स जिंकली आणि प्रेक्षक चिडले. निकाल केवळ लोकप्रियतेच्या हिशेबाने आधी ठरवला असता, तर निर्मात्यांनी हा राग कशाला ओढवून घेतला असता? एका पर्वावरून सगळे सिद्ध होत नाही, हे मान्य. पण सरसकट विधान डळमळीत करायला ते पुरेसे आहे.

संहितेच्या मुद्द्यावर मजकूर अर्धा बरोबर आहे, आणि खरी गंमत उरलेल्या अर्ध्यात आहे. स्पर्धकांच्या हाती संवाद दिले जात नाहीत. कथा नंतर लिहिली जाते. शेकडो तासांच्या चित्रणातून कोण खलनायक, कोण बिचारा, हे निवडले जाते. एका दिवशीचे अर्धे वाक्य दुसऱ्या दिवशीच्या अर्ध्या वाक्याला जोडले जाते. या जोडकामाला त्या धंद्यात ‘फ्रँकनबाइट’ असे नावही आहे. हे काम करणारी माणसे म्हणजे लेखकच. ‘टॉप मॉडेल’वर अशी बारा माणसे होती. जुलै २००६ मध्ये त्यांनी संप केला, तो आपल्याला लेखक म्हणून मान्यता मिळावी आणि पटकथालेखकांच्या संघटनेचा करार लागू व्हावा यासाठी. संप फसला, त्यांच्या जागा गेल्या आणि कार्यक्रम चालू राहिला. ‘सगळे लिहिलेले असते’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या मजकुरात, ज्यांनी प्रत्यक्षात ते लिहिले त्यांच्या नोकऱ्या ‘आमचा कार्यक्रम लिहिलेला नसतो’ या दाव्याखाली गेल्या, याचा पत्ता नसतो.

शिवाय ‘अश्रू खोटे’ या समजुतीने एक सोय होते: कुणाविषयी वाईट वाटून घ्यावे लागत नाही. ‘टॉप मॉडेल’च्या सहाव्या पर्वातील स्पर्धक डॅनी इव्हान्स हिच्या पुढच्या दातांमध्ये फट होती. ती बुजवायला तिने आधी नकार दिला, त्यावरून परीक्षकांसमोर तिला सुनावले गेले, आणि अखेर दंतवैद्याकडून ती फट काही प्रमाणात कमी करण्यात आली. ती ते पर्व जिंकलीही. मे २०२० मध्ये हे जुने प्रसंग पुन्हा चर्चेत आले, तेव्हा सूत्रसंचालक टायरा बँक्स यांनी त्या काळातील काही निर्णय चुकले होते हे जाहीरपणे मान्य केले. दात खरे होते आणि दबावही खरा होता.

‘काहीच कळत नाही’ हा आक्षेप दोन वाक्यांत संपवता येईल. बेतलेला कपडा आणि नुसता अंगाभोवती गुंडाळलेला कपडा यांत काय फरक असतो, कापड आडवे कापले की पडते कसे, एकच डिझाइन वेगळ्या बांध्यावर का बिघडते, हे शिवणकामाशी संबंध नसलेल्या प्रेक्षकांपर्यंत या शोंनी जितके नेले तितके क्वचितच कुणी नेले असेल. ‘प्रोजेक्ट रनवे’च्या सोळाव्या पर्वात तर ० ते २२ अशा सर्व मापांच्या मॉडेल आणल्यामुळे हा शेवटचा प्रश्न आठवड्यागणिक समोर आला.

आता राहिले विजेते. क्रिस्टियन सिरियानो २००८ मध्ये ‘प्रोजेक्ट रनवे’चे चौथे पर्व जिंकला तेव्हा अवघा बावीस वर्षांचा होता. २०१६ मध्ये मिशेल ओबामांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनातील भाषणासाठी त्याचा पोशाख निवडला, २०१९ च्या ऑस्करला अभिनेते बिली पोर्टर त्याच्या टक्सिडो-गाऊनमध्ये आले, आणि त्याच वर्षी तो त्याच शोचा मार्गदर्शक झाला. यावर हमखास ‘तो एकच’ असे उत्तर येते. पण मायकल कॉस्टेलो आठवे पर्व जिंकलाही नव्हता आणि २०१४ च्या ग्रॅमीला बियॉन्सेने त्याचा गाऊन घातला. विनी हार्लो ‘टॉप मॉडेल’मधून बाद झाली आणि मोठ्या ब्रँडांची मॉडेल झाली. तरीही ‘टॉप मॉडेल’च्या बाबतीत मजकुराचे म्हणणे मी बरेचसे मान्य करीन: त्या शोच्या बहुतेक विजेत्या उद्योगाच्या वरच्या पायरीवर पोहोचल्या नाहीत, आणि शोची ओळख एजन्सींकडे आडवी आल्याचे त्यांच्यातील अनेकींनी सांगितले आहे.

मात्र मागे पडलेले सगळे गुणवत्तेअभावी मागे पडले, असा निष्कर्ष काढताना करार नजरेआड होतात. ‘प्रोजेक्ट रनवे’चा पहिला विजेता जे मॅकॅरोल याने एक लाख डॉलरांचे बक्षीस घेतलेच नाही, कारण ते घेतल्यास त्याच्या पुढच्या व्यवसायात निर्मिती कंपनीला दहा टक्के वाटा द्यावा लागणार होता. सहाव्या पर्वाच्या स्पर्धकांचे तर आणखी विचित्र झाले. शो ब्राव्होवरून लाइफटाइम या दुसऱ्या वाहिनीवर नेण्यावरून वाहिनी आणि निर्मिती कंपनी यांच्यात न्यायालयीन वाद सुरू होता आणि प्रसारण अडले होते. अंतिम संग्रह फेब्रुवारी २००९ मध्ये न्यूयॉर्क फॅशन वीकमध्ये ठरल्याप्रमाणे दाखवले गेले, पण ते कुणाचे आहेत हे सांगायला बंदी होती. खरेदीदार, संपादक आणि छायाचित्रकार समोर बसलेले असताना डिझायनरना नाव न सांगता आपले काम दाखवावे लागले, आणि पर्व पडद्यावर आले ते ऑगस्टमध्ये, म्हणजे त्या हंगामाच्या मागण्या नोंदवून झाल्यावर. त्या पर्वाची विजेती इरिना शबायेव्हा फारशी कुणाला आठवत नाही, हे मजकूर पुरावा म्हणून मांडू शकेल; पण ज्या आठवड्यात तिचे नाव उद्योगाला कळायला हवे होते, त्या आठवड्यात ते सांगू न देणारे वाहिनी आणि निर्मिती कंपनीच होते.