नाव लिहिलेलंच असतं, मग शोधायचं काय? – ‘जावाप्रेमी’ यांना उत्तर

नमस्कार जावाप्रेमी,

‘बाइटकोडवरून ऑब्जेक्टचा टाइप’ या माझ्या लेखावर (बाइटकोड म्हणजे जावाचा कोड कंपाइल झाल्यावर ज्या रूपात उरतो ते) आपण लिहिलंत: “मेथड कॉलसमोर क्लासचं नाव लिहिलेलंच असतं, त्याचं विश्लेषण कसलं करता? रिफ्लेक्शन आलं की सगळा डोलारा कोसळतो. लॅम्डाचा तर उल्लेखही नाही. लेखकाने आधी स्पेसिफिकेशन वाचावं.”

लॅम्डाचं, म्हणजे निनावी फंक्शनचं, मान्य. बाइटकोडात त्यासाठी जी सूचना येते त्या इनव्होकडायनॅमिकवर दोन ओळी हव्या होत्या, त्या टाकतो.

पण ‘आधी वाचावं’ हा सूर कशासाठी? मुद्दा पटत नसेल तर तसं सांगा, अभ्यास काढायची गरज नव्हती. बँकेच्या एका जुन्या प्रणालीवर मी कित्येक वर्षं काढली आहेत. सोर्स कोड हरवलेला, हातात नुसत्या कंपाइल झालेल्या जार फायली, आणि साहेब विचारणार, ‘या कॉलला नेमका कोणता कोड चालतो?’ तेव्हा जावापी (बाइटकोड वाचून दाखवणारं जावाचं साधन) उघडून रात्री जागवल्यात. स्पेसिफिकेशनचं तोंडही न पाहता ते जमलं असेल का, तुम्हीच सांगा.

आता तुमचं पहिलं वाक्य. समजा, इफच्या एका फांदीत ‘यादी’ या व्हेरिएबलमध्ये नवी अरेलिस्ट ठेवली, एल्समध्ये लिंक्डलिस्ट, आणि खाली त्यावर ॲड बोलावलं. व्हेरिएबल लिस्ट म्हणून, म्हणजे दोघींच्या सामाईक इंटरफेसच्या नावाने, जाहीर केलेलं. बाइटकोडात काय दिसतं? इनव्होकइंटरफेस ही कॉलची सूचना, आणि पुढे लिस्ट. बस्स! अरेलिस्ट नाही, लिंक्डलिस्ट नाही. तुम्ही म्हणता ते ‘लिहिलेलं नाव’ कंपायलरला माहीत असलेला टाइप आहे. पत्रिकेवर ‘समस्त पाटील परिवार’ छापलं म्हणून जेवायला कोण येणार ते कळतं का?

म्हणून स्टॅक, म्हणजे बाइटकोड ज्यावर व्हॅल्यू एकावर एक ठेवतो आणि उचलतो तो ढीग, हाताने चालवावा लागतो. न्यू ही नवा ऑब्जेक्ट करणारी सूचना दिसली की तिथला टाइप नोंदवायचा, तो ॲस्टोअरने लोकल व्हेरिएबलमध्ये गेला की तिथवर त्याच्या मागे जायचं, अलोडने परत स्टॅकवर आला की पुन्हा मागे. ॲडला एकच आर्ग्युमेंट, म्हणजे कॉलच्या क्षणी ते स्टॅकच्या माथ्यावर आणि आपला ऑब्जेक्ट त्याच्या लगेच खाली. खरी गंमत दोन फांद्या मिळतात तिथे होते. एएसएम या बाइटकोड हाताळणाऱ्या लायब्ररीतला सिम्पलव्हेरिफायर (टाइप जुळतात का ते तपासणारा) तिथे दोघांचा सामाईक पूर्वज धरतो आणि ॲबस्ट्रॅक्टलिस्ट सांगतो. व्हेरिफायरला तेवढं पुरतं, मला नाही. मी संच ठेवतो: अरेलिस्ट किंवा लिंक्डलिस्ट. लिस्टच्या ढीगभर इम्प्लिमेंटेशनपैकी दोनच उरतात. लेखात हेच होतं, आकृतीसकट. वाचलात ना?

आणि ही काही माझी टूम नाही. डीन, ग्रोव्ह आणि चेंबर्स यांनी क्लासच्या वंशावळीवरून कॉलचे उमेदवार कमी करण्याचा निबंध 1995 साली मांडला, जावा 1.0 यायच्या आधी. पुढच्याच वर्षी बेकन आणि स्वीनी यांनी, प्रोग्राममध्ये जे क्लास कुठे तयारच होत नाहीत ते गाळून यादी आणखी छाटली. ‘विश्लेषण कसलं’ हे त्यांनाही विचारून पाहा.

रिफ्लेक्शनचं (प्रोग्राम चालू असताना नावावरून क्लास-मेथड शोधून बोलावण्याचं) म्हणाल तर ते सगळ्यांनाच नडतं, त्यात नवीन काय सांगितलंत? त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

वरचं उदाहरण कंपाइल करा, जावापी -सी चालवा आणि ‘लिहिलेलं’ अरेलिस्ट ॲडच्या ओळीत कुठे सापडतं ते इथे चिकटवा. टोपणनावानेच चिकटवलंत तरी चालेल.