पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी

घरातला कॉम्प्युटर सुरू झाला नाही की तंत्रज्ञ यायच्या आधी निदानं येतात. शेजारचे काका म्हणतात, "व्हायरस असेल." बटण दाबून साधा दिवा लागत नाही त्या डब्यात व्हायरस काय करणार? त्यालाही कामाला लागायचं तर आधी कॉम्प्युटर सुरू व्हावा लागतो! "मदरबोर्ड गेला" हे भाच्याचं निदान; म्हणजे आतली मुख्य सर्किटपाटीच गेली. त्याला नवा कॉम्प्युटर हवा असतो, हे लक्षात ठेवून ते ऐकावं. आजी म्हणते, "पाऊस लागला त्याला." आणि गोव्यात राहून माझं मत असं झालंय की पैज लावायची तर आजीवर लावावी. जून ते सप्टेंबर इथे कपाटातल्या चामडी पट्ट्याला बुरशी येते, मिठाला पाणी सुटतं. समुद्र जवळ असेल तर वर खारा वारा. मग रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या पट्टीच्या, पायांनीच कोरडं राहावं, ही अपेक्षा कशाला?

पण रॅमकडे यायच्या आधी एक ठरवावं: डबा पूर्ण गप्प आहे, की पंखा फिरतोय आणि स्क्रीन काळी आहे? हे दोन वेगळे आजार आहेत.

पूर्ण गप्प असेल तर संशय विजेच्या वाटेवर घ्यावा. सुरुवात भिंतीपासून. यूपीएस मधून काढून प्लग सरळ भिंतीत लावावा. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षं टिकते, आणि पावसात लाईट येते-जाते तशी तीही लवकर थकते. मग एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्याच्या, मागचं काळं बटण बघावं. केर काढणाऱ्याचा हात लागून ते शून्यावर गेलेलं असतं, आणि घरातले मदरबोर्डाच्या किमती काढत बसलेले असतात. तरी नाही? वायर काढून पुढचं बटण अर्धा मिनिट दाबून धरावं, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. पुन्हा वायर लावून बघावं.

पुढचा संशयित ते बटणच. मदरबोर्डाच्या कोपऱ्यात बटणाच्या वायरीच्या दोन पिना असतात. बटणाची वायर उपसून त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवावं. सुरू झाला तर मुंग्यांनी बटणात संसार थाटलाय असं समजावं.

तरीही सुरू झाला नाही तर पुढचा संशयित एसएमपीएस. मेन बंद करून त्याचा मदरबोर्डातला २४ पिनांचा प्लग काढावा, हिरवी वायर कुठल्याही काळ्या वायरीला पेपरक्लिपने जोडावी, मग मेन चालू करावा. सगळ्याच वायरी काळ्या असतील तर हिरवीच्या जागची सोळावी पिन मोजत बसावं. पंखा फिरला म्हणून टाळ्या वाजवू नयेत; व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर लावावा. पिवळ्यावर १२, लालवर ५, नारिंगीवर ३.३ व्होल्ट, पाच टक्के इकडेतिकडे चालतात. पिवळी ११.४च्या खाली गेली की एसएमपीएस बदलायचा. तो उघडायचा मात्र नाही. आतल्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात. पावसात ऊब शोधत पाल आत शिरते ती बहुधा तिथेच संपते. तिचा पंचनामा दुकानदाराने करावा.

आता पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी. आत वेगळं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्र दाखवणारी पाटी, असेल तर आधी मॉनिटरची वायर त्यातच आहे ना, हे बघावं. बऱ्याचदा ती मदरबोर्डाच्या भोकात खुपसलेली असते. ती बरोबर असेल तर आजीकडे यावं. प्लग काढावा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी आणि रॅम बाहेर काढावी. सोनेरी पट्ट्यांवर फिकट काळपट साय दिसते. शाळेतला पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवावा, कण झटकावे, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून वाळू द्यावं. परत बसवताना दोन्ही टोकांना 'टक्' असा आवाज यायलाच हवा. आपण घाबरून अर्धीच दाबतो. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघावी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार बदलल्या तर कशाने बरा झाला ते त्यालाही कळत नाही.

तरी स्क्रीन काळीच असेल तर मदरबोर्डावरचा सीआर २०३२ सेल बघावा, तीन व्होल्टचा, नाण्याएवढा. प्लग काढून तो पाच मिनिटं बाहेर ठेवला की मदरबोर्डाची बिघडलेली सेटिंगं पुसली जातात.

वळवाच्या गडगडाटात प्लगबरोबर राउटरहून येणारी इंटरनेटची लॅन वायरही काढावी. फायबर काचेचं, त्यातून वीज येत नाही. पण राउटरच्या अडॅप्टरमधून लॅनमार्गे ती मदरबोर्डापर्यंत पोचते. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते भूत नसून अर्थिंग नाही.

एवढं करूनही गप्पच असेल तर फक्त कॅबिनेट दुकानात न्यावं, वर 'फॉरमॅट करू नये' अशी चिठ्ठी चिकटवून. चवथीच्या तोंडावर नेलंत तर घाई करू नये. घरचा गणपती दीड दिवसाचा असला तरी कॉम्प्युटर अकरा दिवसांचा असतो.